फुई आणि गुलाबी रेघ

मी हट्टी आहे हे आमच्या पाड्यातल्या शेळ्यांनासुद्धा माहीत आहे. पण हट्ट आणि मूर्खपणा ह्यांच्यात बोटभरच अंतर असतं, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी ते ओलांडलं. तेही तीन हजार फुटांवर, विमानात एकटी असताना. खाली असते तर निदान कोणीतरी कान धरला असता.

माझं नाव प्रिस्किला गावित. आमचा पाडा खांडबाऱ्याच्या पश्चिमेला, डोंगरात. पप्पांचं नाव सॅम्युअल. आमची भाताची चार तुकडे शेती, आणि उरलेल्या दिवसांत मिळेल ती मजुरी. मी लहान असताना पप्पा आणि आई दोघंही सहा-सहा महिने बारडोलीकडे ऊसतोडीला जायची. मला शाळेसाठी मागे ठेवलं, ते जमुना फुईच्या ताब्यात. फुई म्हणजे पप्पांची मोठी बहीण. पप्पा चर्चचे, फुई देवमोगरा मातेची. पप्पा रविवारी प्रार्थनेला गेले की फुई त्यांच्या कोंबड्या राखते, आणि ती जत्रेला गेली की पप्पा तिच्या. दर सोमवारी पहाटे फुई मला आठ किलोमीटर चालवत खांडबाऱ्याच्या शाळेत सोडायची. वाटेत मी कुरकुर केली की म्हणायची, "पाय तुझे, वाट तुझी, मी काय नुसती सोबतीला."

मी बारावी सायन्स केलं, मग शिष्यवृत्ती मिळाली, आणि तापीच्या काठावरच्या एका छोट्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकू लागले. हे मी एका वाक्यात सांगतेय, पण त्यात तीन वर्षं गेली आणि पाड्यातल्या लोकांनी मला तीन वर्षं चिडवलं. सगळ्यात पुढे उखा, आमचा शेजारी. फुई दिसली की तो विचारायचा, "काय गं जमुनाबाई, पोरगी विमान चालवते का विमान धुते?" फुईने मला विमानात कधी पाहिलंच नव्हतं, मग ती काय उत्तर देणार? तिचे गुडघे गेलेले. धावपट्टीपर्यंतचा एसटीचा प्रवास तिला झेपत नाही.

म्हणून मी ठरवलं की विमानच तिच्याकडे न्यायचं.

आमच्या शिक्षणात एक मोठी पायरी असते. एकटीने, शेजारी कोणी नसताना, लांबचा फेरा मारून परत यायचं. माझा फेरा असा होता: धावपट्टीवरून विसरवाडी, तिथून वळून उत्तरेला तळोदा, तिथून परत धावपट्टीवर. विसरवाडीहून तळोद्याला जाताना आमचा पाडा डाव्या हाताला चार-पाच मैलांवर राहतो. म्हटलं, चार मैल म्हणजे विमानाला काय, तीन मिनिटं. जाऊन येऊ, कोणाला कळतंय. फुईला सांगितलं, "बुधवारी दहाच्या सुमारास शेताच्या वरच्या टोकाला धूर कर. मी तो बघून बरोबर डोक्यावरून जाईन."

विमानात माझ्यासमोर काचेला रबरी कपाने चिकटवलेला जीपीएस होता. तळहातापेक्षा थोडा मोठा, हातात धरून कुठेही नेता येईल असा, पण बनवलेला विमानासाठी. त्याच्या पडद्यावर नकाशा असतो आणि मधोमध छोटंसं विमान. विमान पुढे जातं तसा खालचा नकाशा सरकत राहतो, विमान मात्र मध्येच बसून असतं. जायचा रस्ता गुलाबी रेघेने दाखवलेला असतो. आमचे कॅप्टन दिलवरसिंग गिरासे त्याला 'डबी' म्हणतात. ते शहाद्याकडचे, आयुष्यभर विमानं चालवलेले. इंग्रजी फाडफाड बोलतात, पण संतापले की अहिराणीशिवाय शब्द फुटत नाही. त्यांचा नियम एकच: आधी खिडकी, मग घड्याळ, मग डबी. बाहेर काय दिसतं, घड्याळाप्रमाणे काय दिसायला हवं, आणि डबी काय म्हणते. तिन्ही जुळली तर तू बरोबर. एक जरी फुटलं तर थांब आणि विचार कर.

मी त्या बुधवारी तिन्ही गुंडाळून ठेवली.

विसरवाडीचा हायवेचा चौक अगदी वेळेवर आला. वळले. आणि पाडा किती लांब आहे ते बघायला डबीवरचं बाणाचं बटण दाबून नकाशा डावीकडे सरकवला. सापडला आमचा डोंगर. मी खूश. पण त्या डबीची एक खोड आहे, आणि ती आम्हाला दहा वेळा शिकवलेली असते. नकाशा तुम्ही हाताने सरकवला की तो तिथेच थांबतो. विमानाबरोबर चालायचं सोडून देतो. 'मागे'चं बटण दाबाल तेव्हाच परत तुमच्याबरोबर यायला लागतो. मी ते दाबलं नाही. समोर धूर दिसला ना.

धूर बघून डावीकडे वळले. जवळ जाते तो खाली अनोळखी घरं. पुढे आणखी एक धूर. तिकडे गेले. मग आणखी एक. मी मोजले, अकरा धूर. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. एप्रिल म्हणजे राब भाजायचे दिवस. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या जमिनीवर पाला, काटक्या, शेण पसरतात आणि जाळतात. आमच्याकडे प्रत्येक पाड्यात, प्रत्येक शेतात. सोळा वर्षांची होईपर्यंत मी स्वतः दरवर्षी राब भाजलाय, केसांतली राख धुता धुता रडले आहे. आणि मी, त्याच डोंगरातली पोरगी, त्याच दिवसांत फुईला सांगते की धूर कर म्हणजे मी ओळखेन. शहरातल्या पोरीने ही चूक केलीच नसती. तिला धूर सुचलाच नसता.

डबीवर बघितलं तर आमचा डोंगर अजून तसाच समोर. म्हटलं, म्हणजे मी जवळच आहे. आणि खिडकीतून बघते तो खाली पाणी, चहूकडे पाणी. उकाईच्या धरणाचं पाणी. मी गुजरातेत होते.

घाबरले, साफ घाबरले, ते लपवत नाही. मग 'मागे'चं बटण आठवलं. दाबलं. नकाशाने एकदम उडी मारली, छोटं विमान निळ्या पाण्यावर येऊन बसलं, आणि गुलाबी रेघ पडद्यावर कुठेच नाही. नकाशा लहान करत गेले तेव्हा ती उजव्या कडेला दिसली. पंचवीस मिनिटं उशिरा मी धावपट्टीवर उतरले.

कॅप्टननी डबी काढून नेली. ती मुकाट्याने सगळी नोंद ठेवते, तुम्ही कुठून कुठे गेलात ती. त्यांनी लॅपटॉपवर माझी वाट उघडली. सरळ गुलाबी रेघ, आणि तिच्या डावीकडे माझी वेडीवाकडी निळी.

"ही काय शे?" त्यांनी विचारलं. "आकाशमा रांगोळी काढी ऱ्हायनी व्हती का?"

मी खरं ते सगळं सांगितलं. फुई, धूर, बटण. खोटं बोलून सुटका नव्हती, आणि खोटं बोलायचं मला जमतही नाही, लगेच नाक लाल होतं. त्यांनी गुलाबी रेघेवर बोट ठेवलं.

"पोर, तू हुशार शे," ते म्हणाले. "पण तुन्हा जीव गया असता ना, तं तुन्ही फुई जलमभर म्हणती, मन्हा धुरनी मारं पोरले. आते एकच संधी. हाई रेघ शे ना, हिन्या डावीकडे नही ते उजवीकडे, एक मैलनावर गयी तं तुन्ही फाइल बंद. मी सही करणार नही. दुसरा काही बोलू नको."

सही नाही म्हणजे लायसन्स नाही. म्हणजे तीन वर्षं पाण्यात, आणि उखा म्हातारा होईपर्यंत मला विमान धुणारी म्हणणार.

रविवारी घरी गेले. अंगणात महूची फुलं वाळत पडली होती आणि फुई आपल्या लाल लुगड्यात त्यांच्यात बसलेली. माझ्याकडे बघेना. आईने हळूच सांगितलं, की बुधवारपासून तिचं एकच, माझ्या धुराने पोरीचं नुकसान केलं. मी तिच्यासमोर जाऊन बसले. "फुई, तू सांगितलं तसं केलंस. चूक माझी. मला कळायला हवं होतं. शनिवारी दहाच्या सुमारास पुन्हा तोच फेरा आहे."

"मग आता परत येशील तेव्हा इकडून नाही येणार?"

"नाही."

मी मोबाइलवर डबीच्या पडद्याचा फोटो दाखवला. विसरवाडी, तळोदा, मध्ये गुलाबी रेघ. फुईने त्या रेघेवरून बोट फिरवलं. बोटाला महूचा चिकट रस, तो माझ्या मोबाइलला लागला.

"ही कुठून जाते?"

"खांडबाऱ्याच्या जवळून. रेल्वे ओलांडून, मग शेतांवरून."

"थोडीशी वाकव ना इकडे. एवढीशी."

आणि मी चिडले. चार दिवसांची भीती तिच्यावर काढली. "ही रेघ वाकत नाही, फुई. वाकवली म्हणून तर हे सगळं झालं. ह्या वेळी तुला दिसले काय आणि नाही दिसले काय, मी मान फिरवणार नाही. बघायचंच असेल तर दुसऱ्या कोणाचं विमान बघ."

फुई महूची फुलं वरखाली करायला लागली. माझे शब्द माझ्याच कानाला कडू लागले, पण ते गिळता येतात थोडेच. पप्पा दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले, "तो फोटो मला पाठव." मी पाठवला. कशाला हवा ते विचारलंसुद्धा नाही, इतका राग होता.

कॅप्टनकडून डबी मागून घेतली, आणि त्यानंतरचे पाच दिवस ती सोडली नाही. माझ्या खोलीत रोहिणी राहते, प्रकाशा गावची, पाटलांची पोरगी, माझ्याबरोबरच शिकते. तिच्या स्कूटीवर मागे बसायचं, डबी हातात, आणि शहाद्याच्या रस्त्याने जायचं. नकाशा स्कूटीबरोबर सरकतो. मी मुद्दाम बाणाचं बटण दाबून तो थांबवायचे, मग डोळे मिटून चाचपत 'मागे'. पुन्हा थांबवायचे, पुन्हा 'मागे'. नकाशा लहान, नकाशा मोठा, सगळं न बघता. रोहिणी म्हणाली, "लोक म्हणतील ही पोर स्कूटीवर बसून देव आठवते." म्हटलं, आठवतेच आहे. तिसऱ्या दिवशी माझा अंगठा आपोआप जाऊ लागला. तरीही मी आणखी दोन दिवस केलं. वाट माझी, पाय माझे.

शनिवारी सकाळी कॅप्टननी डबी काचेला लावून दिली, कप दोनदा ओढून बघितला, दार लावलं, आणि पाठ करून चालू लागले. त्यांनी वळून बघितलं नाही. मला ते बरं वाटलं.

वर गेले तर हवा गढूळ, जिकडेतिकडे राबाचा धूर पसरलेला. डोंगर दिसायचे पण लांबचे पुसट. विसरवाडीचा चौक आला, घड्याळाप्रमाणे अर्धं मिनिट आधी. वळले. छोटं विमान गुलाबी रेघेवर बसलं. इथून खांडबाऱ्याची रेल्वे साडेचार मिनिटं.

ऊन तापलं होतं, विमान हिसके खायला लागलं. एका मोठ्या हिसक्याला मी आधारासाठी हात पुढे टेकवला. खाली बघते तर रेल्वेचे रूळ, अगदी समोर, उन्हात चमकणारे. घड्याळ म्हणतं, चार मिनिटं झाली, रेल्वे यायला हवी. आणि डबी म्हणते, रेल्वे अजून लांब.

खिडकी आणि घड्याळ एका बाजूला, डबी दुसरीकडे. एक फुटलं. तोंडून शिवी गेली, पण आवाज चढला नाही. माझा हात त्या हिसक्याला बाणाच्या बटणावर पडला होता. अंगठा गेला, 'मागे' दाबलं. नकाशा सरकला, छोटं विमान रुळांजवळ येऊन बसलं. रेघेच्या थोडं उजवीकडे, काही विशेष नाही. नाक दोन अंश डावीकडे घेतलं.

आणि तेव्हाच डाव्या हाताला धूर दिसला. जाड, उंच, अगदी आमच्या डोंगराच्या अंगाला. दुसऱ्या कोणाचा असेल. पण फुईचा असला तर? तीन मिनिटं. सगळं त्या बुधवारसारखंच आहे, फक्त मी तिच्यावर ओरडून आलेली आहे. मी जोरात म्हटलं, "नाही." विमानात कोणी नव्हतं, म्हणून स्वतःलाच सांगावं लागलं. मान एकदा त्या धुराकडे वळवली. विमान वळवलं नाही.

परत समोर बघितलं आणि मला काही कळेना. रुळांच्या पलीकडे, कापणी झालेल्या रानात, एक पांढरी पट्टी होती. लांबच लांब. रस्ता नव्हता, पाणी नव्हतं. आणि ती माझ्या नाकाच्या बरोबर सरळीत होती, कोणीतरी माझी वाट खाली जमिनीवर आखावी तशी. जवळ आले तसं कळलं, की ते मांडवाचं कापड आहे. आमच्या पाड्यात लग्नात लावतात ते, सगळे तुकडे एकापुढे एक जोडलेले. बाजूला एक पिकअप. दोन्हीकडे माणसं. हात हलवणारी ठिपक्याएवढी माणसं. आणि पांढऱ्यावर, मधोमध, एक लाल ठिपका. तो मात्र हलत नव्हता.

फुईचं लाल लुगडं मी पंधरा हजार फुटांवरूनही ओळखलं असतं.

रडले. सांगायला लाज कसली. पण हात सुटला नाही. पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवले, आणि नाक तळोद्याकडेच ठेवलं. मग नाक पुसलं. मग घड्याळ बघितलं. तळोदा, वळण, तापी, धावपट्टी. उतरले तेव्हा वेळेत एक मिनिटाचाही फरक नव्हता.

कॅप्टननी लॅपटॉपवर माझी वाट उघडली. गुलाबी रेघ, तिच्यावर निळी. कुठे थोडी इकडे, कुठे थोडी तिकडे, पण पाव मैलाच्या आत. त्यांनी खांडबाऱ्याजवळ नकाशा मोठा केला. तिथे निळी रेघ गुलाबीवर अशी बसली होती की गुलाबी दिसतच नव्हती.

"आठे तं एकदम सरळ शे," ते म्हणाले. "काय व्हयनं आठे?"

पंख हलवले ते डबीला कळत नाही. मी म्हटलं, "काही नाही सर. लक्ष दिलं." त्यांनी माझ्या लाल डोळ्यांकडे बघितलं, आणि सही केली.

बाहेर येऊन पप्पांना फोन लावला. मला रागवायचं होतं का काय करायचं होतं, मलाच माहीत नव्हतं. पप्पा शांतपणे सांगत होते. जमिनीची मोजणी करणाऱ्यांबरोबर ते कित्येक वर्षं साखळी आणि झेंड्या धरायला मजुरीला गेलेत. माझ्या फोटोवर रेघ रेल्वे जिथे ओलांडते ती जागा त्यांनी शोधली, जवळची रुळांखालची मोरी बघून खात्री केली, तिथून तळोद्याच्या दिशेने बांबू रोवले, आणि एकामागे एक बघत सरळीत आणले. शेतमालकाला विचारलं. मग सगळ्या पाड्याला पिकअपमध्ये घातलं. फुईला खाटेसकट उचललं.

"सुचलं कोणाला?" मी विचारलं.

"तिलाच," पप्पा म्हणाले. "म्हणाली, पोरगी रेघ सोडत नाही म्हणते ते बरोबर आहे. मग आपण सरकू."

तेवढ्यात फुईने फोन घेतला. ती मला रागावली नाही, त्या दिवशीचं काही काढलं नाही. आधी म्हणाली, "धूर केला नव्हता बरं का. काडीसुद्धा पेटवली नाही." मग परीक्षेचा निकाल विचारावा तसं विचारलं, "मी बरोबर रेघेवर बसले होते ना गं?"

डबी माझ्या हातात होती. मी खांडबाऱ्याची ती जागा काढली आणि नकाशा मोठा करत गेले, आणखी मोठा, मोठा होईना तोपर्यंत.

"हो फुई," मी म्हटलं. "अगदी रेघेवर."

तिकडे तिने फोन कानापासून बाजूला धरला असणार, कारण पुढचं ती मला म्हणाली नाही.

"ऐकलंस ना उख्या?" ती म्हणाली. "आता बोल."